हापशाचा आवाज राखीव आहे

रविवारी दुपारी अडीच वाजता आमच्या घरात संपूर्ण शांतता होती. शिवू, वय वर्षे चार, अखेर झोपली होती. वीज गेल्यामुळे पंखाही गप्प होता. एवढ्यात स्वयंपाकघरात हंड्याच्या काठावर टेकवलेला तांब्या घसरला आणि आत पडला. ठण्ण.

माझ्या मनात पहिला विचार आला: खर्ज स्वच्छ, घुमारा लांब, शेवट किंचित पत्र्यासारखा. मग दुसरा आला: हंडा रिकामा आहे.

आईला हे विचार उलट्या क्रमानं यायला हवेत. पण मी नोकरी करते.

नोकरी कंत्राटी आहे. एका सरकारी कार्यालयात बसून साहेब सांगतील ते टंकायचं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं करावं लागतं. मागच्या वर्षी तिथं वरून एक पत्र आलं: नागरिकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी स्वतः, नीट ऐकाव्यात. ऐकल्यावर पुढं काय करावं, हे पत्रात नव्हतं, आणि आमचे माधवराव साहेब पत्राच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांनी तक्रारी ध्वनिमुद्रित करून घ्यायला सुरुवात केली आणि नीट ऐकण्यासाठी प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोन मागवले. मध्यम किमतीचे. स्वस्त घेतले तर जनतेचा अपमान होतो आणि महाग घेतले तर लेखापरीक्षकांचा.

या हेडफोनच्या आत चुंबकांच्या दोन रांगा असतात आणि मधोमध एक अतिशय पातळ पडदा दोन्हीकडून ओढला जात थरथरत असतो. कार्यालयात ही जागा माझी असल्यामुळे यंत्र मला लगेच समजलं.

जाणकारांचं म्हणणं पडलं की असे हेडफोन लोणच्यासारखे मुरावे लागतात, दीडशे तास वाजवून. म्हणून साहेबांनी ते एका रिकाम्या खुर्चीला घातले आणि महिनाभर जुन्या तक्रारी लावून ठेवल्या. आमच्याकडे तक्रारी इतक्या सलग कधी कुणी ऐकल्या नव्हत्या. खुर्ची मध्येच फोनवर बोलली नाही, जेवायला गेली नाही, ‘उद्या या’ म्हणाली नाही.

मग साहेब स्वतः ऐकू लागले. ते डोळे मिटून अभिप्राय सांगत, मी टंकत असे.

‘शेतरस्ता अडवल्याची तक्रार. मधला आवाज भरदार, शिव्या सुस्पष्ट. चार गुण.’

‘गटार व डास. डास डाव्या कानातून निघून डोक्याभोवती फिरून उजव्या कानात पोचतो, ते जाणवतं. अप्रतिम विस्तार. पाच गुण.’

खाली शिक्का: ऐकली. ऐकलेली तक्रार ही निकाली तक्रार. तीन महिन्यांत आमचं कार्यालय निकालात पहिलं आलं.

आणि मग आली तक्रार क्रमांक ४१७.

ती कडूबाईंची होती. कडूबाई आमच्याच गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, आणि शिवू त्याच अंगणवाडीत जाते. एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं हापसा मारत त्यांनी सांगितलं होतं, ‘सायेब, मी कडूबाई बोलायलेय. अंगणवाडीपुढला हापसा चार महिने झाले नुसता वाजायलाय. पाणी न्हाई. लेकरायसाठी मी लय लांबून घागर आणायलेय, खांदा गेला माझा. आतला चामड्याचा वायसर खराब झालाय म्हनं. तेवढा बसवा.’

प्रत्येक वाक्यामागे हापशाचा आवाज होता. खर्र. ढप्प. कूंईई.

साहेब खुर्चीत मागे रेलले. “राजेश्रीताई, लिहा. खर्ज असा, की येलदरी धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडलेत.”

“साहेब, पाणी नाही म्हणतात त्या.”

“तेच तर! पाणी असतं तर बुडबुड्यांनी सगळा बारकावा झाकला असता. आणि हा वरचा सूर, याला काय म्हणावं?”

“रेशमी?” मी म्हणाले.

हा माझा गुन्हा मी इथं कबूल करते. शब्द चांगला होता. साहेबांनी पाच गुण दिले आणि नियमात सहा बसत नाहीत म्हणून हळहळले.

आठवड्यानं कडूबाई स्वतः आल्या. डोक्यावरचा पदर नीट करत दारात उभ्या राहिल्या.

“सायेब, ऐकलं का तुमी?”

“अकरा वेळा ऐकलं, कडूबाई. डोळ्यांत पाणी आलं.”

“डोळ्यात कशाला, हापशात आणा की!”

“फक्त एक करा,” साहेब नम्रपणे म्हणाले. “मध्ये मध्ये तुमचा आवाज येतो. पुढच्या खेपेला बोलू नका. नुसतं हापसा.”

कडूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तू तर शिवूची माय! तुझी लेक दिसाला चार डाव पाणी मागती मला. तू तरी सांग की ह्यायला.”

मी टंकत राहिले. समोर काहीच लिहायचं नव्हतं, तरी.

कडूबाईंनी मग सरकारचा नाद सोडला आणि हापसे दुरुस्त करणाऱ्या सटवाजीला गाठलं. तो भला माणूस ताडकळसच्या बाजारातून वायसर आणि ग्रीसचा डबा घेऊन फटफटीवर आला. खबर लागताच साहेब जीप घेऊन धावले. चार महिन्यांत त्या हापशापाशी आलेली ती पहिली सरकारी गाडी.

“हात लावू नका! आवाज बदलेल!”

“सायेब,” सटवाजी पाना हातात घेऊन म्हणाला, “आवाज बदलावा म्हनूनच आलोय की मी.”

ग्रीसचा डबा जप्त झाला. संध्याकाळपर्यंत हापशाला पाटी लागली. ती मीच टंकली होती: ‘सदर हापसा प्रमाण ध्वनी म्हणून राखीव आहे. दुरुस्ती केल्यास कारवाई करण्यात येईल.’ नवे हेडफोन कुठंही आले की याच आवाजावर तपासायचे, असं ठरलं. हापसा गंजून मुका होऊ नये म्हणून रोज सकाळी अकरा वाजता दहा मिनिटं तो मारण्याची जबाबदारी कडूबाईंवर आली. त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. नारळ त्यांनी तिथंच फोडला आणि त्यातलं पाणी अंगणवाडीतल्या बावीस लेकरांना चमचा-चमचा वाटलं. साहेबांना वाटलं, प्रसाद आहे. त्यांनीही हात पुढं केला.

हेडफोन जड आहेत. सारखे घालून साहेबांची मान धरली, तेव्हा ‘जनतेचं ओझं’ असं कारण लिहून ते रजेवर गेले. त्यामुळे ४१७च्या वार्षिक अभिप्रायाचा कागद माझ्याकडे आला, आणि नोंदवहीत सही करून हेडफोन मी घरी आणले. तोच कागद घेऊन या रविवारी शिवूच्या झोपेतला तास मी चोरला होता.

मी ठरवलं होतं: लिहायचं, ‘आवाज सुमार.’ आवाज सुमार ठरला की पाटी उतरेल, सटवाजी वायसर बसवील. कंत्राटाचं काय व्हायचं ते होवो. ४१७ पुन्हा पुन्हा वाजेल अशी मोबाइलवर लावून मी हेडफोन घातले. खर्र. ढप्प. कूंईई. अगदी खरं सांगते, सुंदर होतं. कडूबाईंचा श्वास ऐकू येत होता, हातातल्या बांगड्या वेगवेगळ्या मोजता येत होत्या. मन घट्ट करून मी लिहिलं: सुमार. मग हेडफोन काढून गादीवर ठेवले आणि कागद उलटला.

मागं सूचना होती. ‘आवाज उत्तम असल्यास हापसा राखीव ठेवावा. आवाज सुमार असल्यास हापसा आहे त्याच स्थितीत ठेवून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे.’ तिसरा पर्याय नव्हता. हा कागदही मीच टंकला होता.

आणि तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तक्रार क्रमांक ४१७ तुम्हीही ऐकलीत. कूंईई छान उतरलंय, असंही कदाचित वाटलं असेल. नियमाप्रमाणे तुमच्याकडूनही ती निकाली निघाली.

तेव्हाच तो तांब्या पडला.

शिवू उठून बसली. “आई, पाणी.”

रविवारी पाण्याचा जारवाला येत नाही. मी वाजते हेडफोन गादीवरच सोडले, हंड्यातून तांब्या उचलला आणि शेजारी गेले. पाणी घेऊन परतले तर माझी लेक हेडफोन घालून मांडी ठोकून बसलेली. ते तिच्या गालांपर्यंत आले होते, म्हणून तिनं दोन्ही हातांनी वर धरून ठेवले होते. तिचे डोळे चमकत होते.

“आई, आपला हापसा! ह्याच्यात हाय!”

मग तिनं एक हात सोडला, अंगणवाडीची गुलाबी बाटली ओढून घेतली, दातांनी टोपण उघडलं आणि बाटली डाव्या कानाखाली धरली. थोडा वेळ थांबली. आत वाकून पाहिलं. मग उजव्या कानाखाली धरली. तिथंही थांबली, आमच्या घरी इतकी शहाण्यासारखी ती कधीच थांबत नाही.

मी भरलेला तांब्या घेऊन दारातच उभी होते.

“आई,” तिनं विचारलं, “पाणी कोणत्या कानातून येतंय गं?”