कंबर मुकी पायजे

नळावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या चालण्याकडे टक लावून बघणाऱ्या माणसाला आमच्या गावात चपलेने मारतात. शिवदासभाऊला मात्र बायका ओट्यावर बसायला पोतं आणून देतात आणि वर विचारतात, "भाऊ, आज किती मार्क?"

"दहापैकी तीन," शिवदासभाऊ अजिबात न हसता सांगतो. "कंबर लय बोलते तुमची, वयनी. कंबर मुकी पायजे."

माझ्या बायकोला एकदा साडेचार मिळाले होते. त्या दिवशी ती इतकी खूश होती की भाजी मला विचारून केली. मी शाळेत गणित शिकवतो, पण माझ्या मार्कांना घरात एवढी किंमत कधी आली नाही.

शिवदासभाऊ चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, जन्मात मिशी न ठेवलेला माणूस. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत भरदुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होते. नाटकांत खऱ्या बायका केव्हाच आल्या, पण दंडारीत बाई व्हायचं ते पुरुषानेच. शिवदासभाऊ पंचवीस वर्षं बाई झाला. एकदा गाडी चुकेल म्हणून लुगडं न सोडताच एसटीत चढला, तर कंडक्टरने एका तरण्याबांड पोराला उठवून याला बायकांच्या सीटवर बसवलं. हा पवनीपर्यंत खिडकीकडे तोंड करून गप्प.

"सांगायचं ना," मी म्हटलं.

"काहून सांगू? एवढ्या इज्जतीनं बसवलं त्यानं. त्याले किती वाईट वाटलं असतं, गुरुजी!"

शिवदासभाऊची बाई नटवी नव्हती. डोक्यावर पाण्याने भरलेला पितळेचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन ती मंडपात यायची आणि एक चक्कर मारून जायची. थेंब सांडायचा नाही. बघणारे श्वास धरून बसायचे. ही चाल त्याने कुठे शिकलेली नव्हती, ती त्याच्या आईची होती. आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं, आता ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथे बायका नदीचा चढ चढून पाणी आणायच्या. त्याची आई रुखमाबाई त्या चढावरून अशी यायची की खाली पाय आहेत की नाहीत, असं वाटावं. शिवदास सोळा वर्षांचा असताना ती तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही.

पुढच्याच मंडईत शिवदासने पहिल्यांदा लुगडं नेसलं आणि गुंड डोक्यावर घेऊन आला. पहिल्या रांगेत बसलेला त्याचा बाप, डोमाजी, ताडकन उठून निघून गेला. पोरगा बाई झाला म्हणून बापाला लाज वाटली, असं सारं गाव म्हणालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या मंडईत डोमाजी पुन्हा पहिल्या रांगेत. नंतर पंचवीस वर्षं त्याने एक दंडार सोडली नाही.

आम्ही नव्या गावात आलो, त्यानंतर चारेक वर्षांनी टीव्हीवाल्यांनी शिवदासभाऊला हेरलं आणि मुंबईला नेलं. हसवायचा कार्यक्रम होता. याने शेजारीण व्हायचं, पदर उडवत यायचं आणि बादलीत पाय अडकून पडायचं. पहिल्या दिवशी हा आपल्या सवयीने चालला, तर दिग्दर्शक म्हणाला, "दादा, टीव्हीवर मुकी कंबर दिसत नाही. हलवा." याने दोन वर्षं कंबर हलवली.

सगळं गाव माझ्या घरी टीव्ही बघायला जमायचं. तो पडला की आम्ही हसून लोळायचो. डोमाजी तेवढा पडद्याकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "हे कोनाची बाई होय?"

"तुमचा शिवदास हाये ना, काका!"

"माहा शिवदास असा नाई चालत," म्हातारा म्हणाला आणि उठून घरी गेला. मी त्यावरही हसलो. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

कार्यक्रम बंद पडला आणि शिवदासभाऊ परत आला. त्या वर्षीच्या मंडईत लाऊडस्पीकरवरून 'टीव्ही स्टार' म्हणून पुकारा झाला. तो डोक्यावर गुंड घेऊन आला, चार पावलं चालला आणि कंबर आपोआप हलली. पाणी खांद्यावर सांडलं. "बादली आना, बादली!" लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या. तो मागे गेला, गुंड भरून पुन्हा आला. पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदाही तेच. पहिल्या रांगेत डोमाजी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. या वेळी तो उठून गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिवदासभाऊ नळाच्या ओट्यावर येऊन बसायला लागला. रिकामपणाने डोकं फिरलं, असं मला वाटलं. एकदा न राहवून विचारलंच.

"मार्क-बिर्क गंमत हाये, गुरुजी," तो म्हणाला. "कोनाएकीच्या चालीत माय दिसते का, पाहून राह्यलो. दिसली तं पुन्हा शिकीन. बाबा रोज इचारतात, आज जमते का रे?"

पण नव्या गावात चढ कुठला? नळ दारापासून वीस पावलांवर. बायका प्लास्टिकचे कॅन हातात धरून नेतात, डोक्यावर कोणीच काही घेत नाही. पाच मार्कांच्या वर कोणी जात नव्हतं.

यंदा होळीनंतर डोमाजीने खाट धरली. रोज संध्याकाळी शिवदासभाऊ भरला गुंड घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि म्हातारा खाटेवरून बघायचा. अंगण रोज ओलं व्हायचं. पंधरा दिवस असे गेले आणि एका सकाळी म्हातारा संपला.

विस्तवाचं मडकं हातात घेऊन शिवदासभाऊ पुढे, त्याच्या मागे तिरडी. मी रस्त्याच्या कडेने चाललो होतो. ठमाबाई, जुन्या गावात रुखमाबाईच्या घराला घर लागून राहिलेली म्हातारी, आपल्या दारात उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला.

"पाह्य रे गुरुजी, रुखमी चालून राह्यली!"

मी पाहिलं. खांदे स्थिर. कंबर मुकी. मडक्यातला धूरसुद्धा सरळ वर जात होता.

तेरवी झाल्यावर शिवदासभाऊ पुन्हा ओट्यावर दिसला. मी शेजारी बसलो आणि आनंदाची बातमी द्यावी तसं त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मले समजलं होतं, गुरुजी. पयलं पाऊल टाकलं तवाच समजलं," तो म्हणाला. "पर मडकं हाती असलं का मांगं फिरून पाह्यत नाईत. बाबा मांगंच होते ना. डोरे मिटून."



तेवढ्यात माझी बायको कॅन घेऊन समोरून गेली. सवयीने तिने विचारलं, "भाऊ, आज किती?"

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"दहा," तो म्हणाला.

बायको हसली नाही. कॅन खाली ठेवून ती तिथेच उभी राहिली.