फक्त पगार सोडायचा

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजता राज्याच्या तुलना कार्यालयाने कॉलेजांची वार्षिक यादी प्रसिद्ध केली. तीत आमचं हॅल्वर्सन कॉलेज तेविसांत बाविसावं आलं. यादी सोपी होती. पहिल्या रकान्यात, विद्यार्थी कॉलेजातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज किती. दुसऱ्या रकान्यात, दाखल झाल्यापासून बाराव्या वर्षी तो कमावतो किती. तिसरा रकाना नव्हता. एकविसाव्या जागेवर केस कापायला शिकवणारी शाळा होती. तेविसावं कॉलेज मार्चमध्येच बंद पडलं होतं, त्यामुळे त्यांची काही तक्रार आली नाही.

नेब्रास्कात माणसं आरडाओरडा करत नाहीत. ताटातलं घशाखाली उतरत नसलं तरी आम्ही ‘वेगळं आहे’ एवढंच म्हणतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो. कॉलेजचे अध्यक्ष मर्लिन स्कोग्लुंड यांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, “वेगळं आहे.” सचिव बाईंनी उठून दार लावून घेतलं. बारा वर्षांत साहेबांना इतकं चिडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

वेंडेल कुचेरा यांना बोलावणं गेलं. कुचेरा सांख्यिकी शिकवत, आणि मागच्या काटकसरीनंतर इमारती गरम ठेवणारा बॉयलरही तेच बघत.

“सरासरी वर न्यायची तर एखादा कोट्यधीश शोधावा लागेल,” साहेब म्हणाले.

“सरासरी नाही साहेब, मधला माणूस. त्या वर्षी दाखल झालेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं. बरोबर मधोमध जो उभा असेल त्याचा पगार, तोच कॉलेजचा आकडा. आपले सदतीस जण आहेत, आणि पुढची तीन वर्षं हीच तुकडी मोजणार. एकोणिसावा तो मधला.”

“म्हणजे सव्वाशे वर्षांच्या संस्थेची अब्रू एका माणसाच्या खिशात?”

“एका बाईच्या. डार्ला वॉन्ड्रासेक. एकोणतीस हजार चारशे.”

हे कुचेरांना ठाऊक असणं साहजिक होतं. दर फेब्रुवारीत अर्ध्या गावाची करपत्रकं तेच भरून देत.

डार्ला गावातच होती. ल्यूथरन चर्चच्या तळघरातलं पाळणाघर ती चालवायची. वय तीस. कॉलेजसाठी काढलेल्या सत्तावीस हजारांच्या कर्जापैकी अकरा हजार चारशे उरले होते, आणि चाळिशीच्या आत ते फेडून पहिल्या महिन्याचा वाचलेला हप्ता स्वतःवर उडवायचा, असं ती सगळ्यांना सांगत असे. गावातली एकोणीस पोरं तिच्या हाताखाली होती. त्यांत टकर आणि पायपर ही साहेबांची जुळी नातवंडंही होती.

सरळ मार्ग एकच होता, डार्लाचा पगार वाढवणं. आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. पाळणाघराच्या समितीचे अध्यक्षही स्कोग्लुंडच. मागच्याच महिन्यात डार्लाला ताशी एक डॉलर वाढवून द्यायचा ठराव आला, तेव्हा ‘पालकांवर बोजा पडेल’ असं कळवळून सांगत त्यांनीच तो पाडला होता. स्वतः बोजा असल्यामुळे त्यांना त्याचं वजन माहीत होतं.

आठवडाभराने कुचेरा नियमांचं पुस्तक घेऊन आले. नवव्या नियमाच्या ‘ख’ कलमात लिहिलं होतं की जे कामावर नाहीत, किंवा जे पुन्हा शिक्षण घेत आहेत, त्यांना रांगेत धरू नये.

“मग?”

“मग कुणाचा पगार वाढवायची गरजच नाही. खालच्यांना रांगेतून काढायचं. खालचे दोघे गेले की मधला माणूस एक पायरी वर सरकतो. दोन राजीनामे, एक पायरी.”

साहेबांनी नियमांचं पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. “वेंडेल,” ते म्हणाले, “तुम्हाला बॉयलर बघायला लावला ही आमची चूक झाली.”

अध्यक्ष स्वतः घरोघर फिरले. सोबत एक पातेलं खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल, कारण आमच्याकडे एकाशिवाय दुसरं नेणं हा अपमान समजतात. ग्रंथपाल अर्लीन, रुग्णवाहिका चालवणारा ड्वाइट, शाळेत गाणं शिकवणारा बर्नी, सगळ्यांनी रोल खाल्ले, राजीनाम्याची विनंती ऐकली आणि ‘वेगळं आहे’ म्हणाले. आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. हे अध्यक्षांना ठाऊक होतं, आणि संस्था चालवायला एवढं ज्ञान पुरतं.

डार्लाकडे ते दुपारी गेले. पोरं झोपली होती, म्हणून सगळा व्यवहार कुजबुजत झाला.

“डार्ला, कॉलेजला तुमची गरज आहे.”

“देणगी मागायला आला असाल तर सर, माझ्या डब्यात कालचंच नूडल्सचं कॅसरोल आहे. त्यातलं देऊ?”

“देणगी नको. राजीनामा हवा.”

डार्लाने एका पोराचं पांघरूण सारखं केलं. “मी कॉलेजचं काय वाकडं केलंय?”

“तुम्ही काम करता.”

“ते तर तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. तेव्हा ही यादी नव्हती.” साहेबांनी तिला रांग समजावली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि ही एकोणीस पोरं कुठे जातील?”

“तो रकाना यादीत नाही.”

“टकर आणि पायपर?”

साहेबांच्या डोळ्यांपुढे स्वतःची कचेरी आली असावी, आणि तिच्यात टकर. ते निरोप घेऊन उठले. विचार करून येतो म्हणाले. आमच्या गावात कुणी विचार करून आला की त्याच्यापासून जपून राहावं.

पंधरा दिवसांनी ते एक छापील पत्रक घेऊन आले. ‘सेवाभावी नेतृत्व’ या विषयाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र, नवा अभ्यासक्रम.

“मी तुम्हाला काम सोडायला सांगितलं ही चूकच,” ते म्हणाले. “काम तुमचंच. पोरं तुमचीच. तळघर हेच. फक्त पगार सोडायचा.”

“म्हणजे मी करू काय?”

“जे करताय तेच. आता त्याला प्रात्यक्षिक म्हणायचं. तुम्ही विद्यार्थिनी व्हाल. रांगेतून बाहेर.”

“आणि फी?”

“वर्षाला चौदा हजार.”

“काम मी करायचं आणि पैसेही मीच द्यायचे?”

“शिक्षणात तसंच असतं, डार्ला.”

“मग मी खायचं काय?”

“फीसाठी कर्ज मिळतं, त्यात राहण्या-खाण्याचेही जरा जास्त मिळतात. शिवाय विद्यार्थिनी झालात की जुन्या कर्जाचा हप्ता थांबतो. पुढच्या महिन्यापासून हप्ता नाही.”

“आणि नव्या कर्जाने तुमचा पहिला रकाना नाही का बिघडणार?”

“तिथे पदवीचंच कर्ज धरतात. हे पदवीनंतरचं. ते कुठेच धरत नाहीत.”

“माझ्याकडून मात्र धरतील.”

“तुमची दूरदृष्टी मला नेहमीच आवडते,” साहेब म्हणाले.

डार्लाने आठवडाभर दाद दिली नाही. मग समितीने पत्र पाठवलं. त्यात म्हटलं होतं की पाळणाघरातलं पगारी पद आर्थिक कारणांस्तव रद्द होत आहे. मात्र तळघर प्रशिक्षणार्थींसाठी खुलं राहील. पत्राखाली एकवीस पालकांच्या सह्या होत्या. पाळणाघराची फी निम्मी होणार होती, आणि त्यांतल्या बहुतेकांची मोठी पोरं दोन-तीन वर्षांत कॉलेजला जायची होती. सगळे डार्लाला मनापासून मानत. सही केल्यावर तिघींनी तिला केक करून पाठवला. शुक्रवारी डार्लाने पोरांना झोपवलं आणि अर्ज भरला.

पुढच्या सप्टेंबरात हॅल्वर्सन सहावं आलं.

या यशाची एक अडचण होती. रांग आखडली की काल जो आरामात मध्याच्या वर उभा होता, तो आज खाली येतो. डिसेंबरपर्यंत बँकेचा व्यवस्थापक ओझं ठरला. फेब्रुवारीत औषधांच्या दुकानाचा मालक मागासलेल्यांत मोडू लागला. तो वर्षाला एक लाख दहा हजार कमवत होता. पण त्याने अभ्यासक्रमाला नाव घातलं नाही. दुकानातला आपला पगार त्याने बायकोच्या नावावर करून टाकला. बायको दुसऱ्या कॉलेजची होती. बँकेच्या व्यवस्थापकानेही तसलंच काहीतरी केलं. वर्षाला चौदा हजार भरून विद्यार्थी झाले ते ग्रंथपाल, गाणारा, रुग्णवाहिकावाला आणि त्यांच्यासारखे, ज्यांच्याकडे नावावर करण्यासारखं काही नव्हतं. गाव पूर्वीसारखंच चालू होतं. पुस्तकं मिळत, रुग्णवाहिका येई, फक्त ती चालवणारा आता तिची फी भरत होता.

त्यानंतरच्या सप्टेंबरात रांगेत एकटा कर्टिस बेरान उरला. डुकरांच्या खाद्याचा घाऊक व्यापार, वार्षिक उत्पन्न चार लाख बारा हजार. कर्ज शून्य, कारण ते काढण्याइतका तो टिकलाच नव्हता. पहिल्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत तो घरी गेला आणि वडिलांच्या धंद्यात बसला. यादी दाखल झालेल्यांची होती. शिकलेल्यांची असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. एकटाच असल्यामुळे तो रांगेच्या बरोबर मधोमध उभा होता. हॅल्वर्सन राज्यात पहिलं आलं.

अर्जांचे ढीग पडले. कॉलेज बघायला पालकांच्या गाड्या येऊ लागल्या.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ओमाहाहून रँडल फाइफर नावाचे गृहस्थ आले. सोबत सतरा वर्षांची मुलगी टेसा आणि दीड वर्षाचा मुलगा. मुलगा सकाळपासून रडत होता, तेव्हा कुणीतरी त्यांना चर्चच्या तळघराची वाट दाखवली. डार्लाने पोराला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि आपलं बोलणं चालू ठेवलं. तो चार मिनिटांत झोपला. फाइफर कॉलेज बघायला गेले. टेसा म्हणाली, मी जरा इथेच बसते.

दीड तासाने ते परत आले तेव्हा टेसा जमिनीवर बसलेली होती. तिच्या अंगावर तीन पोरं, केसांत जॅम.

“बाबा, मला हेच शिकायचंय.”

“व्यवस्थापन शिक,” फाइफर म्हणाले. “मग सुट्टीत ये पोरं खेळवायला.” मग डार्लाकडे वळले. “तुम्ही इथल्याच का हो?”

“याच कॉलेजची. अजून शिकतेय.”

“यंदा पूर्ण होईल?”

“नाही होणार. दर मे महिन्यात एका विषयात नापास होते. ‘काम आणि विश्रांती यांचा समतोल’. पास झाले तर मला परत रांगेत धरतील ना.”

फाइफरना ते नीट कळलं नाही, पण ते सभ्यपणे हसले. “आणि मिळतं किती, विचारलं तर चालेल?”

“मिळत काही नाही. साठ हजार देणं झालंय आतापर्यंत.”

त्यांनी खिशातून यादी काढून पहिला रकाना बोटाने तपासला. “इथे तर शून्य आहे.”

“ते कर्टिसचं.”

“हं,” फाइफर म्हणाले, आणि यादीची घडी घातली. यादी आणि बाई यांच्यात मतभेद झाला तर काय करायचं हे शिकलेल्या माणसाला कळतं. त्यांनी झोपलेलं पोर अलगद उचलून घेतलं. “काही म्हणा, तुमच्या हाताला जादू आहे. आमच्याकडे शहरात असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही.”

“मिळेल की,” डार्ला म्हणाली. “तुमच्या घरातच आहे एक.”

फाइफर मोठ्याने हसले. पोर जागं होईल म्हणून लगेच थांबले, टेसाच्या केसांतला जॅम रुमालाने पुसून काढला, आणि कॉलेजच्या कचेरीत जाऊन तिचा व्यवस्थापनाचा अर्ज भरून आले.

मी हे सांगितलं म्हणून फाइफरना नावं ठेवू नका. बापाचं मन तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्यापैकी कित्येकांनी हे वाचता वाचता मनात एक प्रश्न धरून ठेवलाय, आणि तो डार्लाबद्दलचा नाही. विचारायला संकोच करू नका. अर्जाची शेवटची तारीख पंधरा जानेवारी आहे.