सुक्या बांगड्यांचे तीन थर

मनस्विनीच्या पत्राला श्रीपतींनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. ही त्यांची पुतणी चिपळूणच्या कॉलेजात स्टोरेज नेटवर्क शिकवते. 'काका, धावत्या डेटाला एवढे थर कशाला लागतात, ते मराठीत सोपं करून लिहाल? मुलांना कळत नाही,' असं तिने विचारलं होतं. श्रीपतींनी जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, पण स्वतः लिहिलेलं सगळं फाडलं. या वेळी मात्र चार पानं फाडण्यातून वाचली! दुपारी तिचा तास होता आणि शेजारचे अयूब टेम्पो घेऊन चिपळूणला निघाले होते.

"नुसती पानं नाही, प्रात्यक्षिकच धाडतो!" श्रीपती बायकोला आणि अयूबना म्हणाले. "मी वरचा थर, पुडकं देणार. मालिनी, तू मधला. पिशवीत घालून मनस्विनीचं नाव लिही. अयूब खालचा थर. खोक्यात घालायचं, वर कॉलेजचा पत्ता. नियम एकच, आत काय आहे ते बघायचं नाही!"

"तिकडे खोकं ठेवायला जागा नसली तर, मास्तर?" अयूबनी विचारलं.

"शाब्बास! 'जागा आहे' असा निरोप आल्याशिवाय तिच्या नेटवर्कातही काही धाडतच नाहीत."

मालिनीबाईंनी फोन केला. जागा होती. श्रीपतींनी ओट्यावरचं वर्तमानपत्राचं पुडकं ऐटीत पुढे केलं.

तीन वाजता फोन वाजला.

"काका, थर अगदी क्रमाने उलगडले! खोकं शिपायाने सोडलं, पिशवी मी. भर वर्गात. आत सुके बांगडे!"

ओट्यावर पुडकी दोन होती, एक पानांचं, एक बांगड्यांचं!

"अगं, तुला वास नाही आला?" फोन ठेवून श्रीपतींनी मालिनीबाईंना विचारलं.

"आला की! पण बघायचं नाही, तुम्हीच म्हणालात ना? दुसरं पुडकंही मी न उघडताच बांगड्यांच्या डब्यात टाकलं!"

संध्याकाळी अयूब परतले. "मास्तर, आख्खा घाट नाक दाबून उतरलो. पण खोकं उघडलं नाय हां!"

श्रीपतींनी डब्यातून पानं काढली. नेहमीप्रमाणे फाडायला दोन्ही हातांत धरली.

"फाडा नि बघा!" मालिनीबाई कडाडल्या. "पोरीने परत मागितल्येत ती. पोरांना थर कळले म्हणे, आता कारण कळू दे."

श्रीपतींनी पानं पाकिटात घालून ते चिकटवलं, पत्ता लिहिला आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. तोच कुठूनशी एक मांजर आली आणि पेटीखाली ठाण मांडून बसली. आत काय आहे ते बघायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.