लग्नाच्या डीव्हीडीतली नीलिमा

एकसष्टाव्या वर्षी मी डीव्हीडी कापायला शिकलो! कात्रीने नाही हो, कॉम्प्युटरवर! बायकोच्या, नीलिमाच्या वर्षश्राद्धाला तिची फिल्म दाखवणार, असं मी अर्ध्या भाईंदरला सांगूनही टाकलं.

फोटो भरपूर होते. आवाज नव्हता. वर्षभरात तिचा आवाज मला नीट आठवेनासा झाला होता, आणि मला तोच हवा होता. मिळाला तर संपदाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नाच्या डीव्हीडीतच मिळणार.

लावली. नीलिमा बोलतेय, हसतेय, भटजींनाही दटावतेय, आणि वर सगळीकडे सनई! तडक केबिन रोडला व्हिडिओवाल्याकडे गेलो.

"रोशन, सनई काढ आणि बाई ठेव!"

"काका, मिक्सिंग केलं की खालचा आवाज जातो. सनई तुम्हीच सांगितलेली!"

"मूळ कॅसेट?"

"उसपे तीन शादी हो गयी, काका!"

मी तीन तासांची डीव्हीडी चार वेळा पाहिली. शेवटी पंगतीत सापडली! तिथे सनई टाकायची रोशन विसरला होता. फक्त सहा सेकंद. मठ्ठ्याचा जग घेऊन नीलिमा माझ्याकडे वळते आणि म्हणते, "अहो, निघताना गॅस बंद केलात ना?"

मुलीचं लग्न, चारशे माणसं, आणि बाईचं लक्ष गॅसवर! पण आवाज तिचाच. मी लगेच संपदाला फोन लावला.

तिने फोनवरच शिकवलं. तुकडा निवडायचा, कॉपी करायचा, फिल्मच्या शेवटी पेस्ट करायचा. मी पेस्ट दाबलं. काही नाही! जावयाचा जुना कॉम्प्युटर, डबक्यातल्या म्हशीसारखा ढिम्म! परत दाबलं. परत. परत! चहा करून आलो तर तुकडा लागलेला. लगेच डीव्हीडी बनवली. तपासायची कशाला? हात बसला होता ना!

रविवारी जेवणं उरकली, शेजारी जमले, फिल्म सुरू झाली. फोटो आणि मागे लग्नातली सनई, सनई, सनई. मग एकदम शांतता आणि नीलिमा.

"अहो, निघताना गॅस बंद केलात ना?"

सगळ्यांचे डोळे भरले. संपदाने माझा हात धरला.

"अहो, निघताना गॅस बंद केलात ना?"

"केला, केला!" मी सवयीने ओरडलो.

तिसऱ्यांदा विचारल्यावर मेव्हणा पंढरीनाथ उठला. "भावोजी, बघून येतो. ताई उगाच नाही विचारणार."

पाचव्यांदा खालच्या मजल्यावरचे दोघं आपापल्या घरी पळाले. सातव्यांदा शेजारच्या ममताबेन किंचाळल्या, "हाय हाय, मारी दाळ!"

खरंच! त्यांच्या गॅसवरचं पातेलं काळंठिक्कर, स्वयंपाकघरात धूर! धापा टाकत परत आल्या. "भाईसाब, नीलिमाबेनने मेरा घर बचा लिया!"

नीलिमा अजून विचारतच होती. एकूण चौदा वेळा! दहाव्यांदा पहिलं कोण हसलं माहीत नाही, पण मग सगळेच पोट धरून हसायला लागले. वर्षभर या घरात कोणी हसलं नव्हतं.

"बाबा, चौदा वेळा?" संपदा डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला एडिटिंग शिकवलं होतं ना मी!"

"मग केलंय की!" मी म्हणालो. "तुझी आई चौदावर कधी थांबली होती?"