अश्व व्यवस्थापन, घोडा वगळून

हेमराज तुमच्याकडे समोरून येत नाही, आणि मागून तर मुळीच येत नाही. तो डावीकडून येतो. चार पावलं आधी थांबतो, घशातून ‘हूं, हूं’ असा बारीक आवाज काढतो, आणि तुम्ही मान वळवलीत की उजव्या हाताची मूठ उपडी करून तुमच्या नाकापुढे धरतो. नव्या माणसाला काय करावं ते कळत नाही. काही जण ती मूठ हातात घेऊन हलवतात. हेमराजला ते चालतं, पण त्याचा हेतू तो नसतो. तो तुम्हाला आपला वास घेऊ देत असतो.

गडचिरोलीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तो परिचर आहे. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा कामावर घेतात. आपण कायम आहोत असा भ्रम त्याला होऊ नये, म्हणून ही काळजी. मी तिथेच मराठी शिकवतो, गेली अठ्ठावीस वर्षं. मी कायम आहे. त्याचा मला काही विशेष फायदा झालेला नाही.

एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली होती. अध्यक्षांची खुर्ची अशी मांडलेली, की दार त्यांच्या उजव्या हाताला. हेमराज चहाचा ट्रे घेऊन आत आला, थबकला, आणि अख्ख्या टेबलाला वळसा घालून अध्यक्षांच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. मग ‘हूं, हूं’ केलं. अध्यक्षांना वाटलं, याला खोकला आहे. त्यांनी चहा घेतलाच नाही. समिती गेल्यावर प्राचार्यांनी हेमराजला असा काही झाडला, की वाचनालयातली पोरं पुस्तकं मिटून ऐकत बसली. हेमराज शांत उभा होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “घाबरलेलं जनावर वाईट नसते, सर. घाबरलेलंच असते.”

हे सगळं तो शिकून आला आहे. हेमराजकडे अश्व व्यवस्थापनाची पदविका आहे, दोन वर्षांची, पहिल्या वर्गातली. आमच्या जिल्ह्यात वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आहे. सिरोंच्याकडे रानम्हशी आहेत. छत्तीसगडातून हत्तींचा कळप आला, तोसुद्धा आम्हाला सोडून जायला तयार नाही. घोडा तेवढा नाही. लग्नाच्या वरातीला लागतो तो बाहेरून टेम्पोत येतो आणि जेवणाआधी परत जातो. अशा जिल्ह्यातला, धानाच्या बांधीत वाढलेला, दोन बैलांपलीकडे काही न पाहिलेला मुलगा बारावीनंतर दोन दिवसांचा प्रवास करून घोड्यांचं शिक्षण घ्यायला गेला. त्याला जनावरांचं वेड होतं, एवढंच. पोळ्याला बैल धुवायचा तर हा सकाळपासून दुपारपर्यंत एकच बैल धुवायचा.

त्या कॉलेजात साठ विद्यार्थी होते आणि चार घोडे. त्यातला एक संचालकांचा, तो फक्त माहितीपुस्तिकेतल्या फोटोसाठी. दुसरा लंगडा. उरलेल्या दोघांवर साठ जणांनी खरारा करायचा. त्या घोड्यांच्या अंगावर केस शिल्लक कसे राहिले, हे मी त्याला बरेचदा विचारलं आहे. हेमराज हसत नाही. घोड्याचे दात बघून वय कसं सांगायचं, लीद बघून पोटाचं कसं ओळखायचं, नाल कधी बदलायची, तोबऱ्यात किती हरभरा भरायचा, हे तो आजही घडाघडा सांगतो. घोड्यावर मात्र तो जन्मात बसलेला नाही.

“व्यवस्थापन म्हंजे वर बसायचं नाई, सर,” तो म्हणतो. “बसनाऱ्याची सोय पाहायची.”

मी अठ्ठावीस वर्षं शिक्षणक्षेत्रात आहे. त्याची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या परिपत्रकात सापडली नाही.

पदविका हातात घेऊन तो मोठमोठ्या तबेल्यांच्या दारात उभा राहिला. सगळीकडे एकच प्रश्न, घरी घोडे होते का? तिथली कामं बापाकडून लेकाकडे जाणारी. घोडे राखणाऱ्या मोतद्दाराचा पोरगा मोतद्दार आणि मालकाचा पोरगा मालक. पदविकेचं काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी मोहर्लीच्या एका रिसॉर्टवाल्याने त्याला ठेवून घेतलं. पर्यटकांना बग्गीतून फिरवायचं म्हणून त्याने दोन पांढरे घोडे आणले होते. हेमराजच्या आयुष्यातले हे सगळ्यात सुखाचे दिवस, आणि ते एकोणीस होते. ताडोबाच्या कुंपणाला लागून तबेला. संध्याकाळचा वारा जंगलाकडून फिरला, की घोडे थरथरायला लागायचे. दाणा खाईनात, पाणी पिईनात. विसाव्या दिवशी हेमराजने मालकाला लेखी कळवलं की ही जागा घोड्यांची नव्हे, यांना इथून हलवा. मालकाने घोडे विकले. घोडे नाहीत तर घोडेवाला कशाला, म्हणून हेमराजलाही हलवलं. अर्जाची प्रत त्याच्याकडे अजून आहे. अक्षर फार सुंदर आहे.

तेव्हापासून तो आमच्या ग्रंथालयात. पुस्तकं रचताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो. काही प्राध्यापकांच्याही फिरवतो, पण ते लक्षात येत नाही.

मग गेल्या वर्षी वरून परिपत्रक आलं. प्रत्येक कॉलेजने कौशल्याचा एक आगळावेगळा अभ्यासक्रम सुरू करावा. शिवण, संगणक आणि मोबाइल दुरुस्ती शेजारच्या कॉलेजांनी आधीच उचललं होतं. प्राचार्यांनी कर्मचाऱ्यांच्या पदव्या तपासायला घेतल्या आणि त्यांच्या हाती हेमराजचा कागद लागला. त्याच दुपारी ‘अश्व व्यवस्थापन’ असा प्रस्ताव गेला आणि मंजूर होऊन आला. अट एकच होती, पंधरा प्रवेश. पंधरा झाले तर अभ्यासक्रम सुरू आणि हेमराज त्याचा निदेशक, कायम. चौदा झाले तर काहीच नाही.

“घोडा?” मी बैठकीत विचारलं.

“आधी मान्यता, मग घोडा,” प्राचार्य म्हणाले. “तुम्ही मराठीवाले प्रत्येक गोष्टीत खोट काढता.”

हेमराजने वाट पाहिली नाही. बुरडाकडे आठ दिवस बसून त्याने बांबूचा घोडा विणून घेतला. पुऱ्या मापाचा, मानेची कमान, पोटाच्या फासळ्या, चारही पाय जिथल्या तिथे. सुंभाची आयाळ आणि शेपूट. हेमराजने स्वतःच्या हाताने पोत्याचं खोगीर शिवलं. हा घोडा ग्रंथालयाच्या व्हरांड्यात उभा राहिला आणि गावातली लहान पोरं येऊन विचारू लागली, “भाऊ, तान्ह्या पोळ्याचा हाये का?” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडी बैल मिरवतात, तो तान्हा पोळा. प्राचार्य एकदा त्याच्या मागून निघाले तर हेमराज धावत गेला. “साहेब, मांगून नका जाऊ. लाथ बसते.” प्राचार्य खरंच दचकून बाजूला झाले. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अधूनमधून आठवून सुखी होतो.

दोन महिने हेमराज सायकलवर गावोगाव फिरला. धानाची रोवणी चालू होती. हा बांधावर उभा राहून चिखलातल्या पोरांना घोड्याच्या हाडांची संख्या सांगायचा. घरी म्हाताऱ्या आईने अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं, की यंदा माह्या पोराले लोक सर म्हणतेत. प्रवेश होत गेले. कुणाला वसतिगृहात खाट हवी होती, कुणाला एसटीचा पास, कुणी दुसऱ्या कॉलेजात शिकत होता आणि नाव इथे लिहून गेला. घोडा कुणालाच नको होता. हेमराजला ते कळत होतं. तो म्हणायचा, “नाव तं लिहू द्या, सर. आवड मंग लावतो मी.” शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत चौदा अर्ज झाले होते.

प्रवेशाच्या टेबलावर आम्ही दोघं होतो. मार्गदर्शन कक्षाचा प्रमुख म्हणून मला तिथे बसवलेलं. हे पद मला अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिळालं आणि नंतर काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. चार वाजता एक मुलगी आली, सोबत तिचा बाप. हेमलकशाच्या पलीकडच्या गावाहून, पहाटेची गाडी धरून आलेले. बापाला मराठी बेताचंच येत होतं, तो भिंतीला टेकून उभा राहिला. मुलीचं नाव रोशनी. बारावी विज्ञान, आश्रमशाळेतून पहिली.

“मले घोड्याचं शिकायचं आहे,” ती म्हणाली. “फोटोत पाह्यला. लय आवडला.”

चौदा जणांत हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. मी हेमराजकडे पाहिलं. त्याने पंधरावा अर्ज काढला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. प्राचार्य दारातून डोकावून गेले आणि मला बोटाने ‘झालं’ अशी खूण केली. मग हेमराजने सहज विचारलं, “आनखी कुठी नंबर लागला का, बाई?”

तिने पिशवीतून घडी केलेलं पत्र काढलं. चंद्रपूरला नर्सिंगला लागला होता नंबर. सरकारी. हजर व्हायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

हेमराजने ते पत्र दोनदा वाचलं. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगतो. मला वाटत होतं, सही होऊन जाऊ दे. एकदाची याची गाडी रुळाला लागेल, नर्सिंगचं ती पोरगी पुढच्या वर्षी बघेल.

हेमराज उठला. टेबलाला वळसा न घालता सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“हे पाह्य बाई,” तो म्हणाला, “तो व्हरांड्यातला घोडा बांबूचा हाये. खरा येनार नाई. कोनी काई बी सांगो, येनार नाई. मी हेच शिकलो, पयला आलो, अन् पुस्तकं उचलून राह्यलो. तू चंद्रपूरले जा. आजच जा.”

“पण मले जनावरं आवडतात,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“मले बी आवडत होते. मीनं बी ह्याच टेबलापाशी येऊन इचारलं होतं, जाऊ का म्हून.” मग माझ्याकडे न बघता घाईघाईने म्हणाला, “त्यायची काई चूक नाई. त्यायच्यापाशी त्या दिवशी पेपर तपासाचे होते लय.”

त्या टेबलाशी तेव्हाही मीच होतो. घोड्यांच्या त्या कॉलेजची जाहिरात फलकावर मीच लावली होती, फलक रिकामा दिसतो म्हणून. एक पोरगा येऊन काही विचारून गेला होता आणि मी मान वर न करता ‘जा’ म्हटलं होतं. इतकी वर्षं मला ते आठवलं नव्हतं. त्याला एक दिवसही विसरता आलं नव्हतं, आणि त्याने ते मला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

हेमराजने अर्ज मधोमध फाडला, मुलीची पिशवी उचलली, बापाला हाताने चला म्हणून खुणावलं आणि तिघं बसस्टँडकडे गेले. पाच वाजता प्राचार्य आले. मी चौदाच्या आकड्यापुढे सही केली. ते मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला बराचसा भाग माझा मलाच आधी बोलून झाला होता.

हेमराज सहाच्या सुमारास परतला. मी तिथेच बसून होतो. म्हटलं, “हेमराज, माझं चुकलं रे.”

तो खुर्च्या एकावर एक रचत होता. “बसले दोघं बी चंद्रपूरच्या गाडीत,” तो म्हणाला. “गर्दी होती बाप्पा, पन पोरीले खिडकीपाशी जागा भेटली.”