आईच्या गावावर ड्रॅगन

धाकट्याला दुकानातून फोन आला तेव्हा त्याचा एक पाय बुटात होता आणि एक हात माउसवर. त्याचं दुकान चष्म्यांचं. नजर तपासायला गिऱ्हाईकं येऊन बसली होती आणि मशीन काही केल्या चालू होत नव्हतं. त्यानं दुसरा पाय बुटात कोंबला, "आलोच, आलोच" म्हणत जिना उतरला आणि आपलं राज्य सताड उघडं टाकून गेला.

राज्य म्हणजे कॉम्प्युटरवरचं. आपण एक चाल खेळायची, थांबायचं, मग समोरच्यानं खेळायची. शहरं वसवायची, जादूगार तयार करायचे आणि जमलं तर शेजाऱ्याचं राज्य गिळायचं. धाकट्याकडे जंगल होतं आणि जंगलात धनुर्धारी. डोंगरापलीकडे बुटक्या लोहारांचं राज्य होतं आणि त्यांच्याकडे एक ड्रॅगन. ड्रॅगनचं नाव गब्रू. हे लोहार, हा डोंगर आणि हा गब्रू सगळे दादाचे, म्हणजे धाकट्याच्या थोरल्या भावाचे. तो दुसऱ्या शहरात औषधांच्या कारखान्यात होता आणि शिफ्ट संपली की आपली चाल खेळायचा. उरलेल्या नकाशावर राक्षसांचा राजा होता. त्याला कॉम्प्युटरच खेळवायचा, त्यामुळे त्याला ना शिफ्ट होती ना सुट्टी.

दोन्ही भावांच्या राज्यांमध्ये पहिल्यापासून तह होता. खऱ्या आयुष्यात मात्र त्यांचं बोलणं बंद होतं. आई गेल्यावर दादानं बाबांसाठी खिडकीची खोली रंगवून घेतली, नवीन पलंग आणला. बाबा धाकट्याकडे आले ते फक्त मोतीबिंदूच्या ऑपरेशनपुरते. मग इथली बाग त्यांना आवडली, ओळखी झाल्या, आणि ते राहिले. दादा फोनवर म्हणाला, "तू बाबांना पळवलंस." धाकटा म्हणाला, "त्यांना दिसेनासं झालं, ते तुला कळलं तरी होतं का?" दादानं फोन ठेवला. तो जो ठेवला, तो ठेवलाच.

दोघंही वेगवेगळे बाबांशी बोलत. जेवलात का, गोळी घेतली का, थेंब घातले का. भावाचं नाव कुणी काढत नसे. पण चाल एकाही दिवशी चुकत नसे. सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि दादाची चाल झालेली दिसली की धाकट्याला बरं वाटायचं. दादा ठीक आहे, कामावर गेला होता, घरी आला, एवढं तरी कळायचं. दोन राज्यांच्या सीमेवर एक गाव होतं. आई गेल्यावर दादानं ते वसवलं, तिच्या नावानं. धाकट्यानं न सांगता तिथं आपले माळी पाठवून बागा लावल्या आणि गावाच्या वेशीवर आपले धनुर्धारी राखणीला ठेवले. यावर दोघं एक शब्दही बोलले नव्हते.

तर त्या सकाळी राज्य उघडं होतं आणि पडद्यावर एक पिवळी चौकट लुकलुकत होती.

लुकलुकणं हे बाबांच्या जिवाचं दुखणं. सगळी नोकरी त्यांनी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली होती. तिथं भिंतभर दिवे. दिवा लुकलुकायला लागला आणि घंटा वाजली की आधी 'ॲक्सेप्ट'चं बटण दाबायचं. घंटा थांबते, दिवा स्थिर होतो, मग काय बिघडलंय ते शांतपणे बघायचं. निवृत्त होऊनही हात तेच करत होते. घरातला मायक्रोवेव्ह दोनदा वाजलेला त्यांना खपत नसे. रस्त्यावर कुणाच्या गाडीचा इंडिकेटर चालू राहिला तर खाली उतरून त्या माणसाला शोधून काढत.

सूनबाई, म्हणजे धाकट्याची बायको, शेजारच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर पडदे शिवत होती. एका हॉटेलचे पडदे होते आणि त्यातले निम्मे आजच द्यायचे होते. तिला मधूनमधून माउसचा आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. मग पुन्हा टक.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही गं. दिवा लुकलुकत होता. विझवला."

सूनबाईनं हातातली शिवण संपवली, दोरा तोडला आणि सहज डोकावून पाहिलं. नकाशा लालभडक झाला होता. कर्णे वाजत होते. राक्षसांचा राजा पडद्याच्या कोपऱ्यातून दात काढून हसत होता.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"मी? त्यानं मैत्रीचा निरोप पाठवला होता. ॲक्सेप्ट केला."

"कुणाचा निरोप?"

"या शिंगवाल्याचा."

शिंगवाल्याची मैत्री म्हणजे शिंगवाल्याच्या शत्रूशी वैर, असा सूनबाईनं अर्थ लावला, आणि शिंगवाल्याचा सगळ्यात मोठा शत्रू होता दादा. म्हणजे जंगलानं डोंगराविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. तह मोडला होता. तह मोडल्याबरोबर वेशीवरच्या धनुर्धाऱ्यांना गावाबाहेर काढण्यात आलं होतं आणि ते रानात रांगेत उभे होते, बोनस बंद झालेल्या कामगारांसारखे.

सूनबाईला खेळातलं फारसं कळत नसे, पण घरातलं सगळं कळत असे. तिनं माउस ओढून घेतला. "बाबा, हटा. मी बघते." तिनं धनुर्धाऱ्यांना परत वेशीवर न्यायचा प्रयत्न केला. वेस बंद होती. मग त्यांना मागे न्यायला गेली, तर घाईत भलतीकडेच क्लिक झालं आणि ते थेट राक्षसांच्या छावणीत पोचले. तिथं त्यांचं वाजतगाजत स्वागत झालं.

"अगं, आपल्याच माणसांना कुठं पाठवतेस?"

"तुम्ही बोलू नका! मला आधीच घाम फुटलाय."

"पण हे अजून लुकलुकतंय," बाबा म्हणाले. तिनं "दाबू नका!" म्हणेपर्यंत 'एंड टर्न' दाबून झालं होतं. चाल संपली. संपलेली चाल परत घेता येत नाही, एवढं सूनबाईलाही माहीत होतं.

संध्याकाळी धाकटा आला. बाबा पेपर वाचत होते. तो सकाळचाच पेपर होता.

"अहो, तुम्ही आधी पाणी प्या," सूनबाई म्हणाली.

धाकट्यानं पाणी प्यायलं, कॉम्प्युटर उघडला आणि खुर्चीत मटकन बसला. कुणावर ओरडावं हेच त्याला सुचेना. बाबांवर ओरडता येत नाही, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून तिच्यावर ओरडायची हिंमत होईना.

"दादाला वाटणार, मी केलं," तो म्हणाला. "त्याला वाटणार, मनात होतंच याच्या, आज बाहेर काढलं."

"मग फोन करा ना."

"मी का करू? फोन त्यानं ठेवला होता."

"आणि युद्ध कुणी पुकारलं?"

धाकट्यानं माउस जवळ ओढला. त्यानं तिथल्या तिथे तहाचा प्रस्ताव पाठवून पाहिला. नुकतंच युद्ध पुकारलेल्याला लगेच तह मागता येत नाही, असं खेळानं त्याला नम्रपणे कळवलं. तेवढ्यात पडद्यावर हालचाल झाली. दादाची चाल आली.

डोंगरावरून गब्रू उडाला. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. छावणीत त्याचे धनुर्धारी दाटीवाटीनं उभे होते. गब्रूनं एक फूत्कार टाकला असता तर सगळे भाजून निघाले असते. सूनबाईनं त्याचा खांदा हलवला. "अहो, बघा तरी."

गब्रू धनुर्धाऱ्यांच्या डोक्यावरून तसाच पुढे गेला. कुणाला काही केलं नाही. जाऊन आईच्या गावावर बसला, पंख पसरून.

धाकट्यानं चष्मा काढला. त्याला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो उगाच चष्मा पुसत होता. इकडून युद्ध पुकारलं गेलं तरी दादानं त्याच्या एका माणसाला हात लावला नव्हता. फक्त गाव सांभाळायला धावला होता.

"आता?" सूनबाईनं विचारलं.

"आता राक्षस गावावर चालून जाणार. एकट्या गब्रूला झेपणार नाहीत ते. मी मदतीला धनुर्धारी पाठवले तर दादाला वाटणार, हल्ला करायला आलेत. तो आधी त्यांनाच जाळणार. आणि मी गप्प बसलो तर गाव जाणार."

"आईंचं गाव?"

"आईचं गाव."

पेपरामागून बाबा म्हणाले, "मग त्याला सांग की, मदतीला येतोय म्हणून."

धाकट्यानं फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला आणि शेवटी लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. "बघ, बोलतोय कुणाशी तरी. त्याला काही पडलेली नाहीये." तिसऱ्यांदा लावला, तरी व्यस्तच. एवढ्यात सूनबाईचा फोन वाजला. पलीकडे मोठी जाऊ होती.

"अगं, तुझ्या नवऱ्याला सांग, फोन जरा खाली ठेव. आमचे हे मघापासून लावतायत, लागतच नाहीये. इथं नुसत्या येरझाऱ्या चालल्यायत. काय तो ड्रॅगन, काय ते गाव, मला तर काही कळेना."

सूनबाईनं नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. तो लगेच वाजला.

"हल्ला करायच्या आधी माणूस एक फोन तरी करतो!" दादाचा आवाज खोलीभर घुमला. तो नेहमीच मोठ्यानं बोलत असे.

"मी नाही केला! बाबांनी केला!"

"बाबांनी? काहीतरी सांगू नकोस. एवढं बारीक दिसतं का त्यांना?"

"का नाही दिसणार? ऑपरेशन कुणी करून आणलंय?"

सूनबाईनं कपाळावर हात मारला. झालं, आता परत ठेवणार.

"पेपर वाचतात?" दादानं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"चष्म्याशिवाय. जाहिरातींखालच्या अटीसुद्धा."

"बरं," दादा म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "बरं झालं." आणि लगेच, "ते राक्षस घाटातून येणार का नदीकडून?"

मग जे सुरू झालं ते जेवणाची ताटं वाढून गार झाली तरी संपेना. धाकट्यानं राक्षसांशी मैत्री तोडली, छावणीतून धनुर्धारी काढून घाटात बसवले. दादानं आपले लोहार नदीवर पाठवले. गब्रू जागचा हलला नाही. राक्षस आले, दोन्हीकडून मार खाल्ला आणि शेपूट घालून परत गेले. तो विषय संपला तरी फोन चालूच होता. खिडकीच्या खोलीचा विषय निघाला, पलंगाचा निघाला. दादा म्हणाला, मी तेव्हा नको ते बोललो. धाकटा म्हणाला, मी त्याहून वाईट बोललो. येत्या रविवारी सगळ्यांनी इकडे यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई हॉटेलचे राहिलेले पडदे शिवत होती. बाबा शेजारी बसून दोरे गुंडाळत होते. तिच्या डोक्यात कालपासून एक गोष्ट फिरत होती. सकाळी तिनं नवऱ्याला विचारून घेतलं होतं. मैत्री एका क्लिकनं होते, पण युद्ध त्यासोबत आपोआप होत नाही. आधी कुणाविरुद्ध ते निवडावं लागतं. मग खेळ त्या राज्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून विचारतो, नक्की ना?

"बाबा," ती मशीन थांबवून म्हणाली, "त्या ड्रॅगनचं नाव गब्रू का हो?"

"कॉलनीत कुत्रा होता आमच्या. थोरल्याचा लाडका. मला चावला होता दोनदा." बाबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि मग आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन मावळलं.

"म्हणजे ते राज्य कुणाचं, ते तुम्हाला कळलं होतं."

बाबांनी रीळ एकदा उलटंसुलटं करून पाहिलं. "पहिलं बटण सवयीनं दाबलं गं. आईची शपथ." मग सावकाश म्हणाले, "आमच्याकडे दोन केंद्रांमधली लाइन चालू असली ना, की इकडचा ऑपरेटर तिकडच्याला महिनोन् महिने फोन करत नाही. सगळं ठीक आहे असं धरून चालतात दोघंही. लाइन ट्रिप झाली, म्हणजे बंद पडली, की दोघांचाही हात आधी फोनवर."

"पण मुद्दाम कुणी लाइन ट्रिप करतं का?"

"छे! नोकरी जाते."

बाबांनी दोऱ्याचं टोक रिळात अडकवलं. "आता माझी कुठली जायची?"

सूनबाईनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

रविवारी दादा सहकुटुंब आला. घर गजबजून गेलं. दादानं आधी बाबांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, लांबचं कॅलेंडर वाचून घेतलं आणि मग धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. दुपारी दोघं भाऊ कॉम्प्युटरसमोर बसले. आता पुन्हा तह झाला होता, राक्षस लुळे पडले होते आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं. राक्षसांच्या राजासकट नवीन डाव मांडावा, असं ठरलं.

"मलाही एक राज्य द्या," मागून बाबा म्हणाले. "कोपऱ्यातलं, लहानसं. माझा काही त्रास नाही तुम्हाला."

दोघं हसले. म्हाताऱ्याला करमेल, म्हणून कोपऱ्यातलं एक ओसाड बेट दिलं. बाबांनी खेळाच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या. दादा परत गेला. दोन आठवडे बाबा बेटावर निमूटपणे जहाजं बांधत राहिले. मग एके दिवशी त्यांनी दोन्ही मुलांवर एकाच वेळी युद्ध पुकारलं.

आता संध्याकाळी दादाचा फोन येतो. रोज. धाकटा फोन घेऊन गॅलरीत जातो, दार लावून घेतो, आणि बाबांना कसं आवरायचं यावर दोघं हळू आवाजात तासभर बोलतात. बाबा आत पेपर वाचत असतात. परवा दोघांनी मिळून त्यांचं एक बंदर जिंकलं, तेव्हा सूनबाईनं शिवण थांबवली. बाबा हरले तर हा डावच संपणार, आणि रोजचे फोनही.

"बाबा, कसं व्हायचं?" तिनं मशीनवरून हळूच विचारलं.

बाबांनी गॅलरीच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि पेपराची घडी घातली.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "शिंगवाल्याचा निरोप आलाय. ॲक्सेप्ट करतो."