उत्साह शेकडा अठ्ठ्याण्णव

कोणताही नवा उद्योग भांडवलावर नव्हे, तर सभासदांच्या तळमळीवर उभा राहतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. (भांडवल नसलेल्यांना ते सर्वांत आधी मान्य झाले.) त्यानुसार सन १९६१मध्ये मुळशी खोऱ्यातल्या एका वाडीत घोंगडी उत्पादक सहकारी संस्था स्थापन झाली. सभासद अकरा, माग एक. तो बहिरूने घरून आणला होता, कारण अकरांत विणता येणारा बहिरू एकटाच.

बाकीच्या दहांकडे तळमळ होती.

पहिल्या महिन्यात बहिरूने नऊ घोंगडी विणली. मग वरून साहेब पाहणीला आले आणि त्यांनी उत्साहाची मोजणी केली. (घोषणा किती शेतांपलीकडे ऐकू जाते, टाळी किती वेळ टिकते, सभेत कोण कितीदा उभा राहतो.) सरासरी शेकडा साठ भरली. बहिरूच्या रकान्यात शून्य पडले. विणणारा मागाच्या खड्ड्यात बसलेला असतो आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, ही अडचण साहेबांनी सहानुभूतीने ऐकली.

अध्यक्ष हैबतरावांनी त्याला बाजूला घेतले. “बहिरू, तुजं मन हाय का न्हाई संस्थेत?”

“हाय की. म्हणून तर इनतुया.”

“इनणं येगळं. आतनं काय पेटतंय का?”

बहिरूने प्रामाणिकपणे विचार केला. “दुपारच्याला पेटतंय. पर भाकर खाल्ली की इझतंय.”

(हे उत्तर इतिवृत्तात घेतलेले नाही.)

बहिरू मनाला लावून घेणारा. तो रोज सकाळी माग सोडून डोंगरावर जाऊ लागला आणि मेंढरांपुढे “विजय असो!” ओरडण्याचा सराव करू लागला. मेंढरे पांगली. त्याची बायको तुकाबाई ती गोळा करत म्हणाली, “अवं, पर कुनाचा इजय?”

“आपलाच म्हनत्यात.”

“मंग आपल्याला कसा ठावं न्हाई?”

दुसऱ्या महिन्यात घोंगडी तीन, उत्साह ऐंशी. तिसऱ्या महिन्यात सभांना जागा पुरेना, म्हणून माग उचलून गोठ्यात ठेवला. घोंगडी शून्य, उत्साह अठ्ठ्याण्णव. पुण्याच्या व्यापाऱ्याने मागवलेला माल गेलाच नाही. चौकशीअंती निष्पन्न झाले, की उत्साह दोन टक्के कमी पडला. कोणाचा, ते उघडच होते. बहिरूला एकमताने काढण्यात आले. (ठरावाला बहिरूनेही हात वर केला. ही त्याची पहिलीच उत्स्फूर्त कृती असल्याने तिची गौरवाने नोंद आहे.)

माग पाठीवर घालून तो घरी आला. चार दिवस मेंढरांमागे हिंडला. पाचव्या दिवशी मागावर बसला, धोटा टाकला आणि छातीत काहीतरी धडधडले. घाबरून त्याने विचारले, “तुके, ह्येच आसंल का गं त्ये?”

“गप इना,” तुकाबाई म्हणाली.

पुढे व्यापारी त्याचे घर विचारत आला. संस्थेचा उत्साह मात्र लगेच शंभर झाला आणि ती आदर्श ठरली.

ही हकीकत वाचणारा प्रत्येक जण स्वतःला बहिरू समजतो, असे आढळून आले आहे. आपणही समजला असाल. हैबतरावांना वाचून दाखवली, तेव्हा तेही गहिवरून म्हणाले, “ह्यो तर मीच!”